पंधरा घरांनी मिळून धान्य घ्यायचं, तर सुरुवात कुठून?

धुळ्यात देवपूरला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: आमच्या कॉलनीतल्या १५ घरांना धान्य, डाळी, तेल आणि भाजी थेट शेतकऱ्याकडून घ्यायची आहे, शक्यतो सेंद्रिय. मागच्या वर्षी भाजीने सुरुवात केली, दोन महिन्यांत बंद पडलं. आता सहकारी संस्था नोंदवूनच पुन्हा उभं करावं का? आणि माल खरोखर सेंद्रिय आहे हे ओळखायचं कसं?

ताई, नोंदणीचं मागाहून सांगतो, कारण तुमचं काम नोंदणी नव्हती म्हणून बंद पडलेलं नाही. ते भाजीमुळे बंद पडलं. जळगावात आमचा गट ११ वर्षांपासून चालू आहे. १२ घरांनी सुरू केला, आज ४३ घरं आहेत. पहिली उडी आम्हीही भाजीतच घेतली होती. पालक, मेथी, कोथिंबीर पहाटे शेतातून निघायची, साडेसातला माझ्या ओट्यावर यायची, आणि न्यायला लोक यायचे दहाला. एप्रिलमध्ये दहा वाजता आपल्याकडे ऊन काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुडी सोडली की आतला पालक वाफवल्यासारखा झालेला. चौकातल्या गाडीवर यापेक्षा ताजी मिळते असं लोक म्हणायचे, आणि ते खरं होतं.

भाजी रोज निवडावी लागते, रोज मोजावी लागते, रोज तिचा भाव बदलतो आणि उरली की गुरांना टाकावी लागते. नव्या गटाच्या अंगात तेवढं बळ नसतं. वर्षाचं धान्य एकदाच येतं, एकदाच मोजलं जातं, आणि काही चुकलं तर दुरुस्त करायला हाताशी वेळ असतो. आपल्या घरांना वर्षाचं धान्य भरायची सवय आहेच, नवं काही शिकवावं लागत नाही. म्हणून पहिल्या वर्षी एकच जिन्नस घ्या, आणि तो दादर असू द्या.

दादरच का, हे नीट सांगतो. ही रब्बीची ज्वारी. पावसाळ्याची ओल धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या रानात ती भाद्रपद-आश्विनात पडते आणि बहुतेक ठिकाणी त्या ओलीवरच पिकते. पाणी द्यायचं नाही म्हणून खताचा माराही नाही. शिवाय कडबा घरच्या जनावरांच्या तोंडी जायचा असतो, त्यामुळे शेतकरी स्वतःच त्यावर औषध मारायला धजत नाही. म्हणजे कुठलीही पाटी न लावता, कुठलाही कागद न करता, दादर हे आपल्या भागातलं बिनविषाच्या सगळ्यांत जवळचं धान्य आहे. बियाण्याला पेरणीआधी काय चोळलं होतं एवढं मात्र विचारा. याउलट रावेर-यावलची केळी, सगळीकडचा कापूस, नंदुरबारची मिरची ही सगळी खर्चिक आणि फवारणीची पिकं. तिथे सेंद्रिय पिकवणारे शेतकरी आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला आणि त्यांचं काम समजून घ्यायला वेळ लागतो. तो वेळ दादर तुम्हाला मिळवून देईल.

आता या सगळ्याचा गाभा. गटाने घेतलं की स्वस्त पडतं, असं लोकांना वाटतं आणि त्यासाठीच ते येतात. थोडं स्वस्त पडतंही. पण गट त्यावर टिकत नाही. गट टिकतो शेतकऱ्याला पेरणीच्या आधी दिलेल्या शब्दावर. माल तयार झाल्यावर जाऊन भाव करणारा तो व्यापारी, मग ती १५ घरं का असेनात. पेरणीच्या आधी जाऊन ‘एवढे क्विंटल आमचे, या भावाच्या खाली नाही’ असं सांगणारा तो गट.

हे आम्ही किंमत मोजून शिकलो. तिसऱ्या वर्षी गिरणाकाठच्या एका शेतकऱ्याला आम्ही ३० क्विंटल दादर सांगून ठेवली होती. तोंडी. तो म्हणाला होता, “तुमना शबद शे ना? मंग मी दुसराले माल दखाडस बी नई.” आणि खरंच त्याने कुणाला माल दाखवला नाही. हंगामात बाजार पडला. आमच्यातल्या सात घरांनी दुकानातून घेतली, कारण दुकानात किलोमागे चार रुपये कमी लागत होते. ९ क्विंटल त्याच्या पडवीत राहिली. तो एका शब्दाने बोलला नाही. उन्हाळाभर ठेवली आणि पेरणीला पैसे लागले तेव्हा बाजार समितीत नेऊन पडेल त्या भावात घातली. पुढच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गेलो तेव्हा त्याने चहा पाजला आणि म्हणाला, “माले आते जमाव नई.” त्या ओट्यावर बसून मला जी लाज वाटली ती अजून आठवते. आम्ही गटाची बैठक घेतली, भावातला फरक सगळ्यांनी मिळून भरला, तो त्याला नेऊन दिला. तो आजही आम्हाला दादर देतो. पण तेव्हापासून नियम आहे: पेरणीलाच एक चतुर्थांश रक्कम भरायची, आणि मागे फिरणाऱ्याला ती परत मिळत नाही, ती शेतकऱ्याची. हा नियम सांगितल्यावर १५ पैकी ५ घरं गळतील. गळू द्या. दहा पक्क्या घरांवर गट उभा राहतो.

भावाचं गणित वहीत सगळ्यांसमोर मांडा. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा हंगामात बाजार समितीत दादर ३,५०० रुपये क्विंटल चालली आहे आणि तीच तुम्हाला दुकानात ५,००० ला पडते. मधले १,५०० रुपये म्हणजे अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं, चाळणी, साठवणुकीत अडकलेला पैसा आणि दुकानदाराची मेहनत. यातली काही कामं आता तुम्ही करणार आहात आणि ती फुकट होत नाहीत. भाडं, चाळणी, बारदान आणि घट मिळून ४०० धरा. राहिले १,१००. आम्ही त्यातले ६०० शेतकऱ्याला देतो, ४०० घेणाऱ्याचे वाचतात आणि १०० गटाच्या शिलकीत जातात. म्हणजे शेतकऱ्याला ४,१००, घराला ४,६००. बाजार वर-खाली होणारच, म्हणून पेरणीलाच एक तळ आणि एक माथा ठरवायचा: बाजार कितीही पडला तरी अमुकच्या खाली देणार नाही, कितीही चढला तरी अमुकच्या वर घेणार नाहीस. शेतकऱ्याला तळ महत्त्वाचा असतो. माथ्याला तो सहसा हो म्हणतो.

घट धरायला विसरू नका. ५० किलोच्या कट्ट्यात बारदानाचं वजन असतं, चाळल्यावर कचरा, खडे, फुटका दाणा निघतो, आणि १५ ठिकाणी मोजताना दर मापाला थोडं थोडं जास्त जातं. ५ क्विंटल आणलेत तर ५ क्विंटल वाटून होणार नाही. क्विंटलला दोन-तीन किलो कमी धरूनच भाव काढा, नाहीतर शेवटच्या घराला कमी पडतं आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

किती मागवायची? चौघांच्या घरात रोज एका वेळेला भाकरी होत असेल तर वर्षाला दीड क्विंटल लागते. आठवड्यातून दोन-तीनदा भाकरी करणाऱ्या घराला ५०-६० किलो पुरते. पहिल्या वर्षी लोक हौसेने जास्त लिहितात आणि दिवाळीला पोतं तसंच असतं. आम्ही प्रत्येकीला सरळ विचारतो, काल रात्री घरात पोळी होती का भाकरी? त्यावरून आकडा खरा निघतो.

वाटपाचा दिवस एकदा डोळ्यासमोर आणून देतो, म्हणजे तयारी कळेल. फाल्गुन-चैत्रातला रविवार, सकाळी सात. गाडी येते, कट्टे ओट्यावर उभे राहतात. पहिला कट्टा ताडपत्रीवर पूर्ण ओततो, बाकीच्यांत लोखंडी नळी खुपसून मधला आणि तळाचा दाणा काढतो, कारण वरचा दाणा नेहमीच चांगला असतो. मूठभर दाणे तळहातावर पसरायचे: दादरचा दाणा मोत्यासारखा, भरलेला, किंचित पिवळसर झाक असलेला. दोन दाणे दाढेखाली धरायचे. कट्ट असा आवाज येऊन तुटला तर वाळलेला आहे. दबला, चिकटला तर ओल आहे. तो कट्टा बाजूला आणि शेतकऱ्याशी तिथेच बोलणं. हात मुठीपर्यंत पोत्यात घालायचा, आत गारवा नसून ऊब लागली तरी तेच समजायचं. मग काटा. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण रोज सुरुवातीला शिक्क्याचं ५ किलोचं वजन ठेवून सगळ्यांना दाखवतो. एकजण मोजतो, दुसरी लिहिते, तिसरी नाव पुकारते. मोजणाऱ्याचं स्वतःचं पोतं सगळ्यांत शेवटी. ही एक रीत पाळली की अर्धा संशय जन्मतच नाही.

माझ्या मताने महाराष्ट्रात या कामाचा सगळ्यांत चांगला धडा मुंबई ग्राहक पंचायतीने घालून दिलाय. १९७५ पासून ही मंडळी घराघरांचे छोटे संघ करून, आधी मागणी नोंदवून, महिन्याचा माल एकत्र आणून एखाद्या सभासदाच्या घरी वाटून घेत आली आहेत. दुकान नाही, काउंटर नाही. त्याच्या १० वर्षं आधी, १९६५ मध्ये, जपानमध्ये टोकियोच्या काही गृहिणींनी ३०० बाटल्या दूध एकत्र घ्यायला सुरुवात केली आणि त्यातून सेइकात्सु क्लब ही मोठी ग्राहक सहकारी चळवळ झाली. आणि इंग्लंडातल्या रॉचडेलच्या २८ कामगारांनी १८४४ च्या डिसेंबरात जे दुकान उघडलं त्यात पीठ, ओटचं पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या यापलीकडे जवळजवळ काही नव्हतं. भेसळ नसलेलं पीठ, खरं माप, उधारी नाही. तीनही ठिकाणी सुरुवात छोटी आणि सभासदांच्या स्वतःच्या गरजेची होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

दादर नीट पार पडली की दुसऱ्या वर्षी उडीद आणि तूर घ्या. उडीद कळण्याच्या भाकरीला लागतो, पापडाला लागतो, आणि खरिपाचा माल भाद्रपद-आश्विनात येत असल्याने गटाला वर्षातून दुसऱ्यांदा एकत्र यायचं निमित्त मिळतं. तुरीत एक गोष्ट समजून घ्या. शेतकऱ्याकडून तूर घेतलीत आणि डाळ करून आणलीत तर क्विंटलला साधारण ७० किलो डाळ हातात येते, बाकी चुनी आणि टरफल. नवखे लोक तुरीच्या भावाला डाळीचा भाव समजतात आणि मग नुकसान झालं म्हणतात. चुनी गाय-म्हैस असलेल्या कुणाला द्या, तिचेही पैसे येतात. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, चव खरंच वेगळी आहे. नंदुरबारकडे कुणी ओळखीचं असेल तर एक कट्टा तिकडून आणून बघा.

तेलात फसवणूक सगळ्यांत जास्त, म्हणून हे गणित पाठ करून ठेवा. लाकडी घाण्यावर एक किलो शेंगदाणा तेल काढायला सव्वादोन ते अडीच किलो शेंगदाणे लागतात. शेंगदाणे १२० रुपये किलो असतील तर नुसता दाणाच २७० ते ३०० रुपयांचा झाला. पेंडीचे पैसे वजा केले आणि घाणेवाल्याची मजुरी धरली तरी २०० रुपयांत घाण्याचं शुद्ध तेल देतो म्हणणारा खरं बोलत नाही. आम्ही दाणे स्वतः घेतो, दोघेजण घाण्यावर बसून तेल काढून आणतात. तेल महिन्या-दोन महिन्यांचं काढायचं, वर्षाचं नाही. उन्हाळ्यात खवट होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सेंद्रिय ओळखायचं कसं. दाणा बघून, वास घेऊन, किडका आहे का पाहून ओळखता येत नाही. कीड दिसली म्हणजे सेंद्रिय हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. ओळखता येतो तो शेतकरी आणि त्याचं रान, आणि त्यासाठी पीक उभं असताना जावं लागतं, काढणीला नाही. बांधावरून पूर्ण फेरी मारा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, पाकिटं बांधाला किंवा विहिरीजवळ दिसतात का बघा. त्या कुणी घरी नेत नाही. उकिरडा केवढा आहे, गोठ्यात जनावरं किती, हे बघा. पाच एकर सेंद्रिय म्हणणाऱ्याच्या दारात एक गाय असेल तर खत कुठून येतं ते विचारा. शेजारी कापूस आहे का? असेल तर वाऱ्याने फवारा इकडे येतो, मधल्या पट्ट्यातला माल वेगळा ठेवतोस का, असं विचारा. ज्याने खरंच काम केलंय तो या प्रश्नावर खुलतो आणि अर्धा तास बोलतो.

कागदाचंही महत्त्व आहे. शासनाची सहभाग हमी पद्धत, जिला सगळे पीजीएस म्हणतात, तिच्यात किमान ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांची रानं तपासतो आणि त्यावर प्रमाणपत्र मिळतं. निर्यातीसाठीची त्रयस्थ तपासणीची पद्धत वेगळी आणि महाग असते. तिच्यात वार्षिक पिकांसाठी रान बदलायला किमान २ वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांना ३ वर्षं जावी लागतात. ‘मागच्या हंगामापासून सेंद्रिय केलं’ असं कुणी म्हणाला तर तो वाटेवर आहे असं म्हणा, पोहोचला असं म्हणू नका. वाटेवरच्यालाच तुमच्या शब्दाची गरज जास्त असते, कारण पहिल्या दोन वर्षांत उतारा घटतो आणि भाव मात्र वाढलेला नसतो. सेंद्रिय अन्नाबद्दलचे २०१७ चे नियम १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान शेतकऱ्याला थेट ग्राहकाला विकताना प्रमाणपत्रातून सूट देतात, मात्र त्याला ‘जैविक भारत’चं चिन्ह वापरता येत नाही.

आमच्या यादीत आम्ही प्रत्येक मालापुढे तीनपैकी एक शब्द लिहितो: ‘प्रमाणित’, ‘पाहिलेला’ किंवा ‘ओळखीचा’. पाहिलेला म्हणजे उभ्या पिकात गटातले दोघे जाऊन आले. ओळखीचा म्हणजे माणूस भला, पण फवारणी करतो. हे स्पष्ट लिहिल्यामुळे एकही घर तुटलं नाही. मिरचीच्या बाबतीत मात्र दरवर्षी एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत फवारणीच्या औषधाचे अंश तपासायला पाठवतो. खर्च काही हजारांत जातो, तो शिलकीतून होतो. मिरचीवर फवारे किती बसतात ते पाहिलं आहे म्हणून हा खर्च मला अनाठायी वाटत नाही.

धान्य घरी आलं की पुढची जबाबदारी घराची, पण पहिल्या वर्षी सगळ्यांना हे शिकवा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन दिवस पातळ पसरून वाळवायचं, संध्याकाळी गोळा करून रात्रभर थंड होऊ द्यायचं, आणि सकाळी भरायचं. गरम दाणा कोठीत गेला की आत घाम धरतो. कोठी काठोकाठ भरायची, वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांत घालायचा, झाकण घट्ट. रोजच्या वापराचं वेगळ्या डब्यात, म्हणजे पावसाळ्यात मोठी कोठी उघडावी लागत नाही. बाजारात धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मिळतात, त्या घरात अजिबात आणू नका. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो.

भाजीची हौस असेल तर ती कार्तिक ते माघ एवढीच ठेवा. चंपाषष्ठी झाली की भरिताची वांगी येतात, ती टिकाऊ असतात, दोन दिवस ओट्यावर राहिली तरी बिघडत नाहीत. गटाने सुरुवात करायला याहून चांगली भाजी नाही. केळीचा आख्खा कच्चा घडही घेता येतो: फण्या सोडवून घरोघर वाटायच्या आणि घरीच पिकू द्यायच्या. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण आपल्या घरी पिकलेल्या फणीबद्दल कुणाला विचारावंच लागत नाही. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये राज्याने बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केलाय, त्यामुळे शेतकरी तो तुम्हाला बांधावरून बिनदिक्कत देऊ शकतो.

राहिली नोंदणी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण मिळून संस्था नोंदवू शकतात, म्हणजे तुमची संख्या पुरते. पण त्यासोबत दरवर्षीचं लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, निवडणूक, इतिवृत्त, दप्तर हे सगळं येतं. आपल्या खान्देशाला सहकार नवा नाही; विकास सोसायट्या आणि केळीच्या फ्रूट सेल सोसायट्या आपल्या वाडवडिलांनीच उभ्या केल्या. त्यातल्या ज्या चांगल्या चालल्या त्यांचं काम आधी उभं राहिलं होतं. तुम्ही गोदाम भाड्याने घ्याल, पगारी माणूस ठेवाल, बाहेरच्यांना विकाल किंवा कर्ज काढाल, त्या दिवशी नोंदणी करा. तोवर दोघींच्या संयुक्त सहीचं एक वेगळं बँक खातं आणि एक वही पुरे. पैसे कुणाच्याही घरखर्चाच्या खात्यात, एक दिवससुद्धा, घेऊ नका. वही वाटपाच्या दिवशी ओट्यावर उघडी असू द्या, कुणीही पान उलटून पाहावं.

आता श्रावण लागतोय. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशातली कानबाई देवी बसेल, तिच्या नैवेद्याच्या रोटांच्या निमित्ताने बाया एकत्र येतीलच. त्या आठवड्यात प्रत्येक घराकडून आकडा आणि पहिली रक्कम घ्या. पोळ्याच्या आधी दोघी-तिघी जाऊन शेतकऱ्याला भेटा, कारण त्यानंतर तो पेरणीच्या तयारीत असतो. आणि माल आल्यावर कट्टे कापून उघडू नका, दोरा उसवा. बारदान शेतकऱ्याला परत पाठवायचं असतं.